तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश

इंग्लंडात स्लाउ गावी विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसतसा पारा चढे. तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे तर तो अधिकच चढला. हे गृहस्थ मूळचे संगीतकार, बाथ शहरी ऑर्गन वाजविणारे. सूर्य पाहताना डोळा भाजू नये म्हणून रंगीत काचा पारखीत असता हे ‘अवरक्त’ किरण त्यांच्या हाती लागले. त्यांचा रोगनिदानाशी कधी संबंध येईल, हे त्यांच्या स्वप्नीही नसावे.

तो संबंध येतो रेणूंच्या कंपनांतून. रेणूंतील अणू स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांप्रमाणे सदैव हेलकावत असतात. प्रत्येक बंधाचा ठेका ठरलेला; त्याच्याशी जुळणारा अवरक्त किरण तेवढा तो शोषून घेतो. अमेरिकेत विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी असे अनेक पदार्थांचे वर्णपट मोठ्या चिकाटीने टिपून १९०५ साली प्रसिद्ध केले, आणि रसायनशास्त्रज्ञांस पदार्थ ओळखण्याची नवी खूण मिळाली.

मग शरीरातील पेशी अशाच ओळखता येतील काय? १९९० साली बेसिल रिगास, पॅट्रिक वाँग प्रभृतींनी शस्त्रक्रिया झालेल्या ११ रुग्णांच्या मोठ्या आतड्याचे तुकडे तपासले: एक कर्काचा, दुसरा त्याच रुग्णाच्या निरोगी अस्तराचा. अकराही जणांत कर्काचा वर्णपट निराळा आला. न्यूक्लिइक आम्ले, प्रथिने आणि पेशीपटलातील स्निग्धे, तिन्हींच्या खुणा बदललेल्या होत्या.

येथे घाई करणे मात्र चुकीचे ठरले असते. ऊतकाचा तुकडा म्हणजे एकजिनसी चूर्ण नव्हे. त्यात श्लेष्मा, स्नायू, रक्त, दाहपेशी सारेच मिसळलेले. सरासरी वर्णपटातील फरक कर्कामुळे की या मिश्रणामुळे, हे कसे सांगावे? म्हणून वर्णपटमापकास सूक्ष्मदर्शक जोडून ठिपक्याठिपक्याचा वर्णपट घेणे आले. ते काम वेळखाऊ होते. जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी लेसर वापरून ते काही मिनिटांवर आणले. त्यांनी २०१८ साली ११० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले: संवेदनक्षमता ९६ टक्के, विशिष्टता १०० टक्के. आकडे मोठे खरे. परंतु कसोटी होती ती सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या रोगविकृतितज्ज्ञाच्या निर्णयाची. त्या डोळ्याहून यंत्राला अधिक दिसते, असे यावरून ठरत नाही.

शिवाय पाणी हे किरण चटकन शोषून घेते, त्यामुळे पोटावर झोत टाकून आतील रोग दिसणे नाही. दुर्बिणीने आतडे तपासून तुकडा काढणे आलेच. फायदा एवढा, की त्या पातळ कापास रंग द्यावा लागत नाही. तपासून झाल्यावर तोच काप पुढील परीक्षेसाठी शाबूत राहतो.