आधी पडद्यावर, मग पुतळ्यावर, शेवटी रुग्णाजवळ : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा हात असा बसतो

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. पुढचं एक मिनिट सगळ्यात मोलाचं. त्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. तेवढ्यात बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, मान नीट ठेवायची आणि तरीही श्वास सुरू झाला नाही, तर बॅग-मास्कने श्वास द्यायला लागायचं. उपकेंद्रात रात्रीच्या वेळी हे काम एकट्या सिस्टरवर येऊ शकतं. तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

म्हणूनच एएनएम (२ वर्षे), जीएनएम (३ वर्षे) आणि बीएस्सी नर्सिंग (४ वर्षे) शिकणाऱ्यांकडून अशी कामं रुग्णाजवळ जाण्याआधी पुतळ्यावर करून घेतली जातात. याला सिम्युलेशन म्हणतात. पद्धत जुनीच आहे. कृत्रिम श्वास शिकवणारा ‘रिससी ॲन’ हा पुतळा नॉर्वेत १९६० साली तयार झाला. आता त्याला व्हिडिओची जोड मिळाली आहे.

शिकवतात कसं?

१. पाहणं : विद्यार्थी कामाचा व्हिडिओ पाहतात. न समजलेली पायरी थांबवून पुन्हा बघता येते.

२. करणं : तेच काम पुतळ्यावर करायचं. नवजात बाळाला मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे असतात. मोठ्या माणसाच्या सीपीआरमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची आणि ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे.

३. तपासणं : करतानाचं चित्रीकरण शिक्षकांसोबत बघायचं. मास्क सैल राहिला, मान जास्त मागे गेली, हात धुवायचे राहिले, हे स्वतःच्याच डोळ्यांना दिसतं. कुणाला रागवायची गरज पडत नाही.

तिसरी पायरी बऱ्याचदा घाईत सुटते, पण खरं शिक्षण तिथेच होतं. नुसता व्हिडिओ बघून ‘आलं मला’ असं वाटतं. हात मात्र सरावानेच बसतो.

मर्यादा काय?

पुतळा घाबरत नाही, ओरडत नाही, त्याचे नातेवाईक दाराशी गर्दी करत नाहीत. सापडत नसलेली शीर आणि रक्तस्रावाने गार पडत चाललेली बाई पडद्यावर पूर्ण कळत नाही. त्यामुळे वॉर्डातले तास भरायलाच लागतात. सिम्युलेशन ही त्याची पूर्वतयारी आहे, पर्याय नव्हे.

गावाकडच्या विद्यार्थ्यांसाठी

- रेंज असेल तिथे व्हिडिओ उतरवून ठेवा, म्हणजे घरी नेट नसलं तरी बघता येतो.
- व्हिडिओ कुठला बघायचा, हे शिक्षकांना विचारून ठरवा. चुकीची पद्धत एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही.
- मैत्रिणीला मोबाईलवर चित्रीकरण करायला सांगा, पण फक्त पुतळ्यावरच्या सरावाचं. रुग्णाचं कधीही नाही.
- पायऱ्या मोठ्याने म्हणत काम करा. घाईच्या वेळी तेच आठवतं.