चुलीचा धूर घरात का फिरतो?

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत गॅस घरोघरी पोहोचला असला, तरी अनेक घरांत मागील दारची चूल आणि न्हाणीघरातला बंब टिकून आहेत. ‘चुलीवरच्या जेवणा’च्या पाट्यांमुळे चुलीला पर्यटकांच्या रूपाने नवे गिऱ्हाईकही लाभले. मात्र धुराडे असूनही धूर स्वयंपाकघरातच कोंडतो, ही तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते. दोष बहुधा चूल घालणाऱ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक धूर नेमका केव्हा उलटतो, हे पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते.

गरम हवा हलकी असल्याने धुराड्यातून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ धुराड्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते.

विस्तव पेटवल्यावर पहिली काही मिनिटेच धूर होत असेल, तर नळी थंड आहे एवढाच त्याचा अर्थ. धुराड्याच्या तळाशी कागदाचा बोळा पेटवून नळी आधी तापवावी. धूर सतत येत असेल, तर प्रथम सरपण तपासावे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. जळणासाठी ते वीस टक्क्यांच्या आत हवे. ओल्या फाट्याची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते आणि धुराडे तापत नाही. पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची होती. सुरूची लाकडे फोडून, हवेशीर रचून ठेवावीत. नारळाच्या झावळ्या आणि सोडणे पेटवणापुरतीच बरी.

सरपण कोरडे असूनही धूर हटत नसेल, तर खिडकी उघडून पाहावे. धूर लगेच ओसरला, तर खोलीत हवाच पुरत नव्हती. स्वयंपाकघरात बसवलेला एक्झॉस्ट पंखा अनेकदा धुराड्याचा वैरी ठरतो, कारण तो धुराड्यातूनच हवा उलटी ओढतो. जुन्या घरांत धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. स्लॅब किंवा पत्रा आल्यावर ती वाट बंद होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील असंख्य छपरे उडवली. त्यानंतर कौलांऐवजी पत्रा घातलेल्या घरांत धुराड्याची उंची नव्याने पाहणे आवश्यक आहे.

सकाळी ठीक चालणारी चूल दुपारी धुमसू लागली, तर संशय समुद्रावरच्या वाऱ्याचा घ्यावा. छपराच्या आढ्यावरून किंवा शेजारच्या उंच भिंतीवरून कोसळणारा वारा धूर खाली दाबतो. धुराड्याचे टोक दहा फुटांच्या आतील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान दोन फूट उंच असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आडवी नळी आणि काटकोनी वळणे शक्यतो टाळावीत.

पूर्वी उत्तम चालणारी चूल हळूहळू बिघडली असेल, तर काजळी हेच कारण समजावे. चार इंची नळीत सर्व बाजूंनी अर्धा इंच थर बसला, तरी धुराची वाट चाळीस टक्क्यांहून अधिक घटते. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुरू केलेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. बसवलेल्या चुलींची देखभाल न होणे, हा त्याचा एक कच्चा दुवा होता. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने प्रसार केलेल्या ‘लक्ष्मी’ या दोन भांड्यांच्या चुलीलाही धुराडे आहे, आणि तेही साफ करावेच लागते.

प्रश्न केवळ डोळे चुरचुरण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. झळ सर्वाधिक बसते ती चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना आणि त्यांच्याजवळच्या मुलांना. धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो. म्हणून ओढ नसलेली चूल किंवा बंब बंद खोलीत रात्रभर धुमसत ठेवू नये. डोके जड होणे, मळमळणे अशी लक्षणे जाणवताच सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना गाठावे.