आधी बाई, मग कागद

परवा रोह्याहून परतताना पेणला मावशीकडे थांबले होते. मावशी निवृत्त नर्स. चहा पिता पिता विषय कसा कोण जाणे बलात्काराच्या केसेसवर आला. मावशी म्हणाली, "अगं, आमच्या वेळी अशी बाई आली की आम्ही आधी विचारायचो, पोलिसांचं पत्र आणलंस का? नसलं तर बाकावर बसवून ठेवायचो. तिला दिवस राहतील का, कसली लागण होईल का, हे विचारायचं आमच्या डोक्यातच यायचं नाही." मग बराच वेळ गप्प बसली.

मावशी काही दुष्ट बाई नाही. मग असं का व्हायचं? घरी आल्यावर शोधत बसले. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते.

आपल्याकडे न्यायवैद्यकावरचं जयसिंग मोदींचं पाठ्यपुस्तक १९२० साली निघालं. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. या विषयात डॉक्टर म्हणजे कोर्टाचा साक्षीदार. बाईचं शरीर हा पुरावा. पुराव्याला औषध कोण देतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हेच ते 'मथुरा प्रकरण'. (देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आणि आपला रायगडही अजून कुलाबाच होता.) दुसऱ्या दिवशी रात्री आठला तिची तपासणी झाली. निकालपत्रात त्या तपासणीतलं काय आलं आहे? अंगावर जखम नाही, योनिपटल आधीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात, वय १४ ते १६. उपचारांबद्दल एक शब्द नाही. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही, असा तो हिशोब!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण दवाखान्यातलं टेबल होतं तसंच राहिलं.

ते हलायला आणखी पंचवीस वर्षं लागली. मुंबईत 'सेहत' संस्थेने २००८ पासून महापालिकेच्या तीन रुग्णालयांत तपासणी आणि उपचार एकत्र करायची पद्धत बसवली. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी २०१० मध्ये या तपासण्यांतले दोष अहवालात मांडले, आणि तो विषय हायकोर्टात गेला. मग २०१३ चा कायदा आला: सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार केलेच पाहिजेत, नाहीतर शिक्षा. (२०२४ पासूनच्या नव्या संहितांमध्येही हे कायम आहे.) २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन बोटांची ती चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बजावलं.

आता कामाचं. बाई पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊ दे, नाहीतर कोपऱ्यावरच्या खाजगी दवाखान्यात, पोलिसांचं पत्र लागत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण सज्ञान बाईने तक्रार करायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं. (मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र कळवणं सक्तीचं आहे.) पुराव्यासाठीची तपासणी तिने नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तितक्याच लवकर हवी. पाच दिवसांपर्यंत तिचा थोडाफार उपयोग होतो. शिवाय कावीळ 'ब'ची लस आणि गुप्तरोगांवरची औषधं. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या काही आठवड्यांनी आणि महिन्यांनी पुन्हा करायच्या, कारण लागण लगेच दिसत नाही. उशीर झाला म्हणून जायचंच नाही असंही नाही. बाकीचे उपचार तेव्हाही मिळतात. दिवस राहिलेच तर अशा बाईला २०२१ च्या दुरुस्तीने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो.

७२ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण डोंगरातल्या एखाद्या वाडीवरून खाली यायचं, गाडी मिळवायची, आणि त्याआधी घरात कुणाला तरी सांगायचं... त्या सांगण्यातच दोन दिवस जातात. आणि ती सांगते कुणाला? मावशीला, काकूला, वहिनीला. म्हणजे आपल्यालाच. आपण जर "आधी पोलीस, मग बघू" म्हणालो, तर तिला बाकावर बसवणारे आपणच.

काल मावशीला हे फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "बाकी राहू दे, ते बहात्तर तास ठळक लिही."

लिहिलं गं, मावशी.