दरबाराकडून दप्तराकडे

कलावंताने कोणाच्या आश्रयाने जगावे, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. कधी राजाने त्याला पदरी ठेवले, कधी देवस्थानाने त्याची तजवीज लावली, आणि पुढे तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने त्याला जगविले. स्वातंत्र्यानंतर या तिघांच्या जोडीला चौथा आश्रयदाता आला. तो म्हणजे सरकारी दप्तर. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा दिवस दप्तराच्या सहवासातच जात असल्यामुळे, या चौथ्या आश्रयदात्याची, म्हणजे दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीची, जन्मकथा त्यांच्यापुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

राजाश्रय किती बेभरवशाचा असतो, याचा अनुभव मराठी रंगभूमीने आपल्या बाळपणीच घेतला होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगविले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या उत्तेजनाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचे साह्यही आटले. तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन परगावची वाट धरली व मुंबईस तिकिटे लावून खेळ केले. एका धन्याच्या मृत्यूने जो धंदा बुडायचा, तो शेकडो अनामिक प्रेक्षकांच्या पैशावर तगला. पुढील पाऊणशे वर्षे मराठी नाटक मुख्यतः याच बळावर उभे राहिले.

अभिजात संगीताची गोष्ट मात्र निराळी होती. ख्यालगायकाच्या तपश्चर्येला तिकीटविक्रीचा आधार पुरेसा नव्हता. हे ओळखून एका मराठी वकिलाने निराळाच विचार मांडला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. तेथून दिल्ली, काशी आणि दोनदा लखनौ, असा त्या परिषदांचा प्रवास १९२५ पर्यंत झाला. त्यांमागील एक मोठा हेतू, साऱ्या देशासाठी संगीताची एक अकादमी स्थापावी, हा होता. विद्या एका घराण्याच्या वा एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, अशी पंडितजींची तळमळ होती. विद्वान जमले, वाद झडले, भाषणेही उत्तम झाली. जमला नाही तो पैसा. १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले, हे या परिषदांचे मोठे फळ. परंतु राष्ट्रीय अकादमी मनातच राहिली, आणि १९३६ साली पंडितजींनी डोळे मिटले.

ती कल्पना पुन्हा वर आली, ती वेगळ्या वाटेने. १९४५ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने सरकारपुढे राष्ट्रीय सांस्कृतिक निधीची योजना ठेवली. साहित्यासाठी एक, चित्र-शिल्प-स्थापत्यासाठी एक आणि नृत्य-नाट्य-संगीतासाठी एक, अशा तीन अकादमी त्या योजनेत होत्या. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत पाचशेंहून अधिक संस्थाने विलीन झाली. राजकीय दृष्ट्या ते आवश्यकच होते. परंतु त्या संस्थानांबरोबर दरबारी गवई आणि बीनकार यांचे वेतनही संपुष्टात आले, याची खंत त्या विजयाच्या गर्दीत थोड्यांनाच वाटली. ज्या राज्यसत्तेने जुने आश्रयदाते दूर केले, तिच्यावर त्यांचे हे ऋणही येऊन पडले होते.

३१ मे १९५२ रोजी शिक्षण मंत्रालयाने अकादमीचा ठराव केला, आणि २८ जानेवारी १९५३ रोजी संसद भवनात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पहिले अध्यक्ष डॉ. पी. व्ही. राजमन्नार हे मद्रासचे मुख्य न्यायाधीश आणि स्वतः तेलुगू नाटककार होते. पहिल्या चिटणीस निर्मला जोशी. कलेच्या प्रांतात जतन करणे म्हणजेच नवनिर्मिती करणे, असा विचार शिक्षणमंत्री मौलाना आझादांनी या प्रसंगी मांडला.

सन्मानांच्या पहिल्या याद्या पाहिल्या, म्हणजे मोडलेल्या दरबारांचा इतिहासच वाचल्यासारखे होते. अल्लाउद्दीन खाँ मैहरचे, मुश्ताक हुसेन खाँ रामपूरचे, हाफिज अली खाँ ग्वाल्हेरचे. १९५३ साली सूरश्री केसरबाई केरकरांचा गौरव झाला. १९५५ साली अंतुबुवा जोशी यांचा झाला. ते औंधचे दरबारी गायक, आणि औंध संस्थान तर १९४८ सालीच लयास गेले होते. त्याच १९५५ साली अभिनयासाठी बालगंधर्वांची निवड झाली. ज्या नटसम्राटाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्याचे वय तेव्हा सदुसष्ट होते. कंपनीचे वैभव ओसरले होते आणि कर्जाच्या फेडीत उमेदीची वर्षे सरली होती. सन्मान योग्यच होता. परंतु तो विझत आलेल्या समईपुढे लावलेल्या उदबत्तीसारखा होता, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. सुगंध दरवळला, तेल मात्र पडले नाही.

म्हणून अकादमीचे मोल पुरस्कारांच्या यादीवरून करणे आम्हांस मान्य नाही. तिचे खरे कार्य कमी गाजलेल्या गोष्टींत आहे. १९५४ साली इंफाळला मणिपुरी नृत्याचे विद्यालय निघाले. १९५५ ते १९५८ या काळात चित्रपट, नाट्य, संगीत व नृत्य यांवर क्रमाने परिसंवाद झाले. १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले व १९७५ साली ते स्वतंत्रही झाले. १९६४ साली दिल्लीचे कथक केंद्र अकादमीकडे आले. वृद्ध उस्तादांचे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे कामही चालू राहिले. आज त्या संग्रहात जे आवाज आहेत, त्यांतील कितीएकांचे धनी हयात नाहीत.

वेळेवर पोचलेल्या साह्याचे एकच उदाहरण देतो. केरळातील कुडियाट्टम ही संस्कृत नाटकाची जिवंत परंपरा. ती मोजक्या चाक्यार व नंग्यार कुटुंबांच्या हाती उरली होती. १९९१ पासून अकादमीने तिच्यासाठी दीर्घ मुदतीची योजना हाती घेतली. गुरूला मानधन मिळाले, शिष्याला विद्यावेतन मिळाले, आणि प्रयोगांनाही साह्य मिळाले. २००१ साली युनेस्कोने कुडियाट्टमला मानवजातीचा अमोल वारसा म्हणून घोषित केले. येथे समईत तेल पडले, आणि ती विझण्यापूर्वी पडले.

दोष नाहीत असे नव्हे. दप्तराला घाई ठाऊक नसते आणि म्हातारपणाला थांबणे ठाऊक नसते. अर्ज, शिफारस, समिती आणि मंजुरी यांतून साह्य बाहेर पडेपर्यंत एखादी बंदिश तिच्या शेवटच्या गायकाबरोबर निघून जाते. राष्ट्रपतींनी अध्यक्ष नेमायचा, सरकारने पैसा द्यायचा आणि संस्थेने स्वायत्त राहायचे, ही कसरतही सोपी नाही. १९७० साली नेमलेल्या खोसला समितीला आणि १९८८ च्या हक्सर समितीला या अकादमींच्या कारभाराची चौकशी करावी लागली, ती उगीच नव्हे.

तथापि दरबाराहून दप्तराचा एक गुण मोठा आहे. राजा गेला म्हणजे त्याची मर्जीही जाते. अधिकारी बदलला तरी नियम राहतो. भाव्यांना १८५१ साली आणि भातखंड्यांना १९२५ साली जे मिळाले नाही, ते सातत्य हेच होय. ते नियमाच्या पोटी जन्मते. परंतु त्यात प्राण ओततो तो नियम चालविणारा माणूस. दूर प्रांतात नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांच्या टेबलावर कधी एखाद्या वृद्ध कलावंताचा अर्ज आला, तर तो क्रमाने घ्यावा की प्रथम घ्यावा, एवढाच निर्णय त्यांच्या हाती असेल. तो निर्णय लहान मानू नये. जुन्या काळी एवढ्याच गोष्टीसाठी कलावंताला राजाच्या देवडीवर तिष्ठत बसावे लागे.