पळणारा क्वार्टरबॅक घ्यावा का?

२०१९ चा सप्टेंबर. मला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. आमचा क्लायंट बाल्टिमोरचा. सोमवारी संध्याकाळच्या कॉलवर पहिली दहा मिनिटं तिकडची मंडळी कामाचं काही बोलायचीच नाहीत. ‘लमारने काय केलं बघितलंस?’, ‘लमारला कुणी थांबवूच शकत नाही.’ मला वाटलं, टीममध्ये कुणी नवा सीनियर आलाय आणि त्यानं शनिवार-रविवारात काहीतरी जबरी कोड लिहून टाकलाय. मी चॅटवर त्याचं नावही शोधलं. नंतर कळलं की लमार जॅक्सन हा बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक आहे आणि तो माझ्याच वयाचा आहे.

तेव्हापासून हा खेळ माझ्या मागे लागला. रविवारी रात्री साडेदहाला सामना लावायचा आणि सोमवारी डोळे चोळत ऑफिसला जायचं. पण सामन्यांपेक्षा मला जास्त ओढलं ते एका वादानं. तो साठ वर्षांहून जास्त चालू आहे आणि एका वाक्यात मावतो: जो क्वार्टरबॅक पळतो, त्याला ड्राफ्टमध्ये घ्यावं का?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू पुढे न्यायचा. प्रत्येक चालीची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. तो चेंडू लांब फेकतो किंवा शेजारच्या धावपटूच्या हातात देतो. फेकताना त्याचे सहकारी त्याच्याभोवती घोड्याच्या नालासारखी भिंत करतात. त्या जागेला म्हणतात पॉकेट. जुन्या प्रशिक्षकांच्या मते चांगला क्वार्टरबॅक तो, जो या पॉकेटमध्ये शांत उभा राहतो, समोर शंभर-सव्वाशे किलोचे गडी धावून येत असताना मैदान वाचतो आणि फेकतो. पळतो तो घाबरतो, अशी सरळ समजूत.

आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावाच्या बरोबर उलटं. इथं पैशांची बोली नाही. कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं रांगेत उभी, आणि आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडतो. १९३६ पासून हे चालू आहे. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक चुकला, तर संघाची तीन-चार वर्षं पाण्यात जातात आणि ज्यानं निवडला त्याची बहुधा नोकरी.

पळणाऱ्यांत आधीचं मोठं नाव फ्रॅन टार्केंटन. १९६१ मध्ये मिनेसोटानं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. मागं भिंत कोसळली की हा डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, कबड्डीतल्या चढाईपटूसारखा हुलकावण्या देत फिरायचा आणि पाठलाग करणारे दमले की फेकायचा. त्याचे प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन स्वतः पॉकेटमध्ये उभं राहून मोठे झालेले क्वार्टरबॅक. त्यांना हे अजिबात पटायचं नाही. दोघांचं फाटलं, टार्केंटन न्यूयॉर्कला गेला, १९७२ मध्ये परत आला. १९७८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा सर्वाधिक पासिंग यार्ड (४७,००३) आणि सर्वाधिक टचडाऊन पास (३४२) हे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर होते. म्हणजे पळणारा माणूस अठरा हंगाम टिकला आणि फेकण्यातच सगळ्यांच्या पुढे गेला. वाद तिथंच मिटायला हवा होता.

मिटला नाही. कारण वाद फक्त पळण्याचा नव्हता. टार्केंटन गोरा होता.

मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडे आला, चौदाव्या फेरीत. कॉलेजात क्वार्टरबॅक असूनही संघाला तो बचावफळीत हवा होता. त्यानं करार करतानाच अट घातली की क्वार्टरबॅक म्हणून एकदा तरी माझी चाचणी घ्या. पुढे मुख्य खेळाडू जखमी झाला आणि ब्रिस्कोला संधी मिळाली. आधुनिक काळात व्यावसायिक सामन्याची सुरुवात करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या मोसमात त्यानं १४ टचडाऊन पास फेकले. पुढच्या वर्षी? डेन्व्हरला क्वार्टरबॅक म्हणून तो नकोच होता. तो बफेलोला गेला, तिथं त्याला रिसीव्हर केलं. म्हणजे जो फेकायचा, तो आता झेलायला लागला. तिथंही तो उत्तम खेळला आणि १९७२ मध्ये एकही सामना न हरलेल्या मायामी संघात होता. पण क्वार्टरबॅक तो पुन्हा झाला नाही.

टोनी डंजी मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९७७ मध्ये त्याला कुणीच निवडलं नाही, पिट्सबर्गनं घेतलं ते बचावात. वॉरेन मून १९७८ च्या जानेवारीत रोझ बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. तो कॅनडाला गेला, एडमंटनसाठी सलग पाच वेळा ग्रे कप जिंकला, मग १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये. गंमत म्हणजे मून मुळात पळणारा नव्हताच. तो पॉकेटमधून सुंदर लांब फेकणारा होता. पण ‘चपळ’, ‘अंगानं तयार’ ही विशेषणं एकदा चिकटली, की माणूस काय करतो हे कुणी बघत नाही. ‘पळणारा’ हा शब्द मैदानावरचं वर्णन कमी आणि कातडीचं जास्त होता.

इथं माझं एक खासगी दुखणं. कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी एका कंपनीच्या मुलाखतीत मला कोडिंगचा एकही प्रश्न विचारला नाही. ‘तुमचं बोलणं छान आहे, तुम्ही सपोर्टला शोभाल,’ एवढं म्हणून बाई हसल्या. ब्रिस्कोच्या पंक्तीला बसायची माझी लायकी नाही, त्याच्यावर जे लादलं गेलं त्याचा शतांशही माझ्या वाट्याला आला नाही. पण ज्यांनी बघितलंच नाही त्यांनी जागा ठरवून देणं, हे काय असतं त्याची चव मला आहे. असो.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. पळणारा माणूस मार खातो. रँडल कनिंगहॅमनं १९९० मध्ये ९४२ यार्ड पळून काढले. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि वर्ष संपलं. मायकल व्हिकसाठी अटलांटानं २००१ मध्ये सौदा करून पहिला क्रमांक मिळवला. २००६ मध्ये तो एका मोसमात हजार यार्ड पळणारा पहिला क्वार्टरबॅक झाला (१,०३९), पण त्याच वर्षी त्याचे निम्म्याहून थोडेच जास्त पास पूर्ण झाले होते. पुढच्या वर्षी तो कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात तुरुंगात गेला, ती गोष्ट वेगळी. टीकाकारांनी मात्र दोन्हींची एकच मोळी बांधली.

आणि मग २०१२, रॉबर्ट ग्रिफिन. वॉशिंग्टननं त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. त्यानं पहिल्याच वर्षी ८१५ यार्ड पळून संघाला विभागात अव्वल आणलं. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला. एक सामना विश्रांती, परत मैदानात. ६ जानेवारी २०१३, सिअ‍ॅटलविरुद्ध बाद फेरी. पहिल्या पावामध्येच तो लंगडायला लागला. संघ १४-० नं पुढे होता. सगळ्या स्टेडियमला दिसत होतं. त्याला बाहेर काढलं नाही, तोही गेला नाही. चौथ्या पावामध्ये सुटलेला चेंडू उचलायला वळला आणि गुडघा कोलमडला. सामना २४-१४ नं गेला. ग्रिफिन पुन्हा तसा कधीच पळला नाही.

मी ती क्लिप बऱ्याच वेळा बघितलीय. लक्षात घ्या, तो क्षण पळण्याचा नाही. तो लंगड्या माणसाला मैदानात उभं ठेवण्याचा आहे. त्याच ड्राफ्टमधला पहिला, अँड्र्यू लक, सगळ्यांच्या मते पॉकेटचा आदर्श. दुखापतींना कंटाळून तो २०१९ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्त झाला. उभा राहणाराही मार खातोच. पळणारा निदान येणारा मार बघत असतो.

बदल दोन ठिकाणांहून आला आणि दोन्ही हिशोबाचे आहेत, म्हणून मला आवडतात.

पहिला मैदानावरचा. साध्या चालीत क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो, मग तो प्रेक्षक. बचावाचे अकरा, आक्रमणाचे प्रत्यक्षात दहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ या प्रशिक्षकानं हे उलटवलं. बचावाच्या कडेच्या एका गड्याला मुद्दाम कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटाशी धरून त्या एकाकडे बघतो. तो धावपटूमागे गेला, तर चेंडू स्वतः घेऊन पळायचं. तो जागीच थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा. साधं इफ-एल्स! ज्याला अडवलं नाही, तो काहीही केलं तरी चुकतो. पण यासाठी क्वार्टरबॅक पळू शकतो ही भीती खरी असावी लागते.

दुसरा पैशांचा. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली. २०११ च्या नव्या करारात नवख्यांच्या मानधनाला मर्यादा आली आणि त्या वर्षीच्या पहिल्याला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून सुमारे २.२ कोटी. चूक स्वस्त झाली की माणसं धाडस करतात. मला वाटतं, या वादात भल्याभल्या भाषणांपेक्षा त्या एका कलमानं जास्त काम केलं.

तरीही २०१८ मध्ये लमार जॅक्सन बसून राहिला. कॉलेजचा सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, त्याच्याकडे २०१६ पासून होता. बिल पोलियन, ज्यांनी १९९८ मध्ये पेटन मॅनिंगला निवडलं होतं, म्हणाले की यानं रिसीव्हर व्हावं. ब्रिस्कोला सांगून पन्नास वर्षं झाली होती! जॅक्सननं ४० यार्डांची शर्यत धावायलाच नकार दिला, त्या वेळेचा आकडा त्याच्याविरुद्ध वापरला जाईल म्हणून. जगातला सगळ्यात वेगवान क्वार्टरबॅक, आणि पळून दाखवत नाही. मेफिल्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, अ‍ॅलन सातवा, रोझन दहावा. बाल्टिमोरनंही पंचविसाव्या क्रमांकावर दुसऱ्यालाच घेतलं. मग फिलाडेल्फियाकडून पहिल्या फेरीचा शेवटचा, बत्तिसावा क्रमांक मिळवला आणि जॅक्सनचं नाव आलं. निवडणारे ओझी न्यूसम, लीगमधले पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. त्यांचा तो त्या पदावरचा शेवटचा ड्राफ्ट.

पण निवडण्याइतकंच पुढचं महत्त्वाचं. बाल्टिमोरनं २०१९ साठी अख्खं आक्रमण त्याच्याभोवती नव्यानं रचलं. त्याला जुन्या साच्यात ओतलं नाही. त्या मोसमात १,२०६ यार्ड धावून त्यानं व्हिकला मागे टाकलं, ३६ टचडाऊन पास हे लीगमध्ये सर्वाधिक, आणि एमव्हीपी एकमतानं. पोलियन यांनी आपलं चुकलं हे जाहीरपणे मान्य केलं. ते मला फार आवडलं, असं करणारे थोडे असतात.

म्हणून घ्यावा का? माझं मत: घ्यावा, पण तो पॉकेटमधूनही फेकू शकतो का हे आधी बघून. त्याच्यासाठी घर बदलायची तयारी नसेल, तर मात्र घेऊ नये. आणि बाजूला कुणीतरी हवा, जो त्याला ‘आता बस’ म्हणेल. जॅक्सनही अजून सुपर बोलपर्यंत पोचलेला नाही, दोन मोसमांचे शेवट दुखापतीत गेले. न्यूटन २०१५ चा एमव्हीपी, तिशीत संघाबाहेर. हे आकडे लपवून माझी बाजू जिंकायची नाही.

वॉशिंग्टननं २०२४ मध्ये पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर पळणारा घेतला, जेडन डॅनियल्स. पुन्हा हाइझमनवालाच. त्यानं ८९१ यार्ड धावून ग्रिफिनचा नवख्यांचा विक्रम मोडला आणि संघाला सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे नेलं. मग २ नोव्हेंबर २०२५, समोर सिअ‍ॅटल, मैदान तेच. सामना हातातून कधीच गेलेला, तरी चौथ्या पावामध्ये डॅनियल्स मैदानात होता. इथं सोमवारची सकाळ होती, मी ऑफिसच्या बसमध्ये मोबाईलवर बघत होतो. डावं कोपर निखळलं. प्रशिक्षक डॅन क्विन यांनी नंतर त्याला तिथं ठेवल्याचा दोष स्वतःकडे घेतला. संध्याकाळच्या कॉलवर बाल्टिमोरची मंडळी शेजाऱ्यांची खिल्ली उडवतील असं वाटलं होतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, थेट कामालाच सुरुवात झाली.