कार्बन नॅनोनलिका : उत्पादनातील सुरक्षा

कार्बन नॅनोनलिकांच्या कारखान्यात भट्टी बंद असते तोवर धोका कमी. ती उघडून काजळीसारखी भुकटी खरवडताना, चाळताना, तोलताना तो वाढतो. भुकटी इतकी हलकी, की साध्या झुळकीनेही उडते. लांब, ताठ, बहुभित्ती नलिका शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्या वागू शकतात. २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत त्या सोडल्यावर तसाच दाह आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ हा बहुभित्ती नलिकांचा प्रकार संभाव्य कर्ककारक ठरवला. आखूड, गुंतलेल्या नलिकांवर सरसकट तोच ठपका ठेवणे मात्र योग्य नव्हे. नलिका बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातील निकेल, कोबाल्टचे अवशेष सांडपाण्यात जाऊ देत नाहीत. झाडू येथे वर्ज्य. ओले फडके व हेपा गाळणीचा व्हॅक्यूम वापरतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने २०१३ मध्ये नलिकांसाठी सुचवलेली मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे.