एका मताचे देशांतर

थोर पुरुषांची मते सुभाषितांप्रमाणे पाठ करण्याची हौस सुशिक्षितांत पुष्कळ आहे. परंतु ते मत कोणाविषयी व कोणाला वगळून मांडले गेले, ह्याची चौकशी फार थोडे लोक करतात. ती केली म्हणजे कित्येकदा असे आढळते की, मताचा जनक त्याला जेथवर नेऊ इच्छीत नव्हता, तेथवर दूरदेशीचा एखादा वाचक त्याला घेऊन गेला. जॉन स्टुअर्ट मिल्ल व गोपाळ गणेश आगरकर ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने आम्हांस मननीय वाटते.

मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ साली प्रसिद्ध झाला. राजसत्तेचा जुलूम सर्वांस दिसतो. पण लोकमताचा जुलूम मनुष्याच्या अंतःकरणापर्यंत पोचतो, म्हणून त्यातून सुटका अधिक कठीण, हे त्यातील मर्म होय. दुसऱ्यास अपाय होत नाही तेथवर ज्याने त्याने आपल्या बुद्धीने वागावे. निरनिराळ्या वळणाची माणसे निपजली नाहीत तर समाजाची वाढच खुंटते. इतके उदार तत्त्व सांगणारा हा पुरुष १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकर होता. आणि मागासलेल्या समाजांस हे तत्त्व लागू नाही, असे त्याने त्याच निबंधात नमूद केले. हिंदुस्थानची गणना तो अशाच समाजांत करी. म्हणजे त्या पंगतीत आमचे पान मांडलेलेच नव्हते!

आगरकर त्या पंगतीत न बोलावता बसले, एवढेच नव्हे, तर ज्यांना आमच्याच घरांत पान मिळत नव्हते त्या बालविधवांस व बालवधूंस त्यांनी बरोबर नेले. टेंभू गावी १८५६ साली दारिद्र्यात जन्मलेल्या ह्या पुरुषास दोन्ही सत्तांची ओळख अनुभवाने पटली होती. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक मतभेदांमुळे १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला व १८८८ साली 'सुधारक' काढला. तेव्हा पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सरकारच्या तुरुंगाने त्यांना १०१ दिवसांनी सोडले. रूढीने १८९५ साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही.

ह्यावर एक आक्षेप त्या काळीच निघाला, आणि तो क्षुल्लक नव्हे. मुलींचे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ साली झाला. परकी सरकारास आपल्या घरात हात घालू देऊ नये, सुधारणा शिक्षणाने आतून व्हावी, असे टिळकांचे म्हणणे होते. पारतंत्र्यात असलेल्या राष्ट्राचा हा स्वाभिमान आम्ही तुच्छ मानीत नाही. तथापि व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता कायद्याची कास कशी धरतो, ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अज्ञान मुलीचा विवाह ही तिची स्वतःची कृती नव्हे. तेथे वापरले जाते ते वडीलधाऱ्यांचे स्वातंत्र्य, आणि अपाय होतो तो तिला. घर परक्याच्या हाती जाऊ नये हे खरे. पण त्या घरात कोंडलेल्या जिवाने स्वराज्य येईपर्यंत वाट पाहावी, असे तिला कोणी कोणत्या तोंडाने सांगावे?

स्वराज्य १९४७ साली आले. १९५० च्या राज्यघटनेने मूलभूत हक्क दिले. मुलीच्या विवाहाचे किमान वयही १९२९ साली १४ व १९७८ साली १८ झाले. कायद्याने करावयाचे पुष्कळसे झाले. परंतु सरकारने आमचे तोंड दाबू नये म्हणून त्वेषाने बोलणारे आम्ही, मुलीने आपला जोडीदार आपण निवडला किंवा मुलाने घराण्याच्या रीतीबाहेरचा मार्ग धरला, की लोक काय म्हणतील ह्या एका वाक्याने त्यांचे तोंड दाबतो. मिल्लने आपल्या तत्त्वाला कुंपण घातले ते देशाच्या सीमेवर. आम्ही घालतो ते घराच्या उंबरठ्यावर. आगरकरांनी पहिले कुंपण ओलांडले ते दुसरे मोडण्यासाठी. ते काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते कोणत्याही सरकारकडे सोपविता येण्यासारखे नाही.